खजूर, खोबरं आणि विडी

यंदा रमजानच्या आठवडाभर आधी आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगत होता की खजुरात किरणोत्सारी पोटॅशियम असतं, ते शरीरात साठतं आणि त्यानं कॅन्सर होतो. खाली कुणीतरी लिहिलं, 'इफ्तारीला सावधान.' दुसऱ्यानं लिहिलं, 'ही आपल्याविरुद्धची साजिश आहे.' रात्री बारापर्यंत दोन्ही बाजूंनी शंभरेक मेसेज पडले. किती पोटॅशियम, किती किरणोत्सार, एवढा साधा प्रश्न त्या शंभरात एकानंही विचारला नव्हता. मीही नाही. मी उर्दू-मराठी शिकवतो. विज्ञान म्हटलं की आमचाही हात आखडतो.

योगायोगानं त्याच आठवड्यात नववीची सहल पन्हाळा आणि जोतिबाला होती. एक-दोन पालकांनी दबक्या आवाजात विचारलं, 'सर, जोतिबाला कशाला?' मी म्हटलं, डोंगर बघायला. कोल्हापुरात जन्मलेल्या पोरानं वाडी रत्नागिरीचा डोंगर पाहिला नाही, तर त्यानं भूगोल काय वाचला? ओळखीचे एक फिजिक्सचे प्राध्यापक सहलीला सोबत आले. आता निवृत्त आहेत, पण शिकवण्याची खाज गेलेली नाही. त्यांच्या खिशात मोबाइलएवढं एक यंत्र होतं. किरणोत्सार मोजायचं, टकटक वाजणारं. म्हणाले, 'तुमच्या ग्रुपवरचं भांडण याला विचारू.'

मंदिरापासून थोड्या अंतरावर, दुकानांच्या रांगेपलीकडे एका कट्ट्यावर आम्ही पोरांना बसवलं. आजूबाजूची जमीन गुलालानं कायमची गुलाबी झालेली. यंत्र चालू केल्याबरोबर वाजलं. टक. मग थोडं थांबून दोनदा टक टक. पोरी दचकल्या. अजून कशालाही लावलं नव्हतं, मग हे वाजतंय कशानं? सरांनी सांगितलं की हे सगळीकडे वाजतं. जमिनीतून, दगडातून, हवेतून आणि आकाशातून किरणं येतच असतात. जगाची सरासरी काढली तर निसर्गाकडून माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा मिळते. तिच्यातला जवळपास निम्मा वाटा रेडॉन नावाच्या वायूचा. हा वायू माती-दगडातून झिरपतो आणि बंद खोल्यांत साचतो.

मग यंत्र काळ्या दगडाला लावलं. आवाजात फरक नाही. जोतिबाची देवळं ज्या बेसॉल्टची आहेत, तोच हा दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही कमी. आपल्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरचा ग्रॅनाइट या बाबतीत जोतिबाच्या दगडापेक्षा चढा असतो. चढा म्हणजे घातक असं नाही, हे सरांना लगेच सांगावं लागलं, कारण एक मुलगी म्हणाली, 'आमचा ओटा नवीन बसवलाय, सर!'

नंतर खोबरं. जोतिबाला गुलाल-खोबरं उधळतात. दुकानातून एक वाटी घेतली. यंत्र तसंच. डब्यातून आणलेले खजूर ठेवले. यंत्र तसंच. पोरं निराश झाली, खरं सांगायचं तर. व्हिडिओतला माणूस खोटा पडला म्हणून जो सलीम उड्या मारत होता, त्याला सरांनी खाली बसवलं. 'तो पूर्ण खोटं बोललेला नाही. खजुरात किरणोत्सार आहे. या यंत्राला दिसण्याइतका नाही, एवढंच.'

आणि त्यांनी फळ्याऐवजी सहलीच्या पत्रकाच्या मागे गणित मांडलं. मी ते जपून ठेवलंय. निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियममध्ये दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी असतो. त्याला पोटॅशियम-४० म्हणतात. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. १०० ग्रॅम खजुरात साधारण पाऊण ग्रॅमच्या आत-बाहेर पोटॅशियम, म्हणजे वीसेक बेकरेल. सुक्या खोबऱ्यात त्याहून थोडं कमी. केळ्यात एकामागे बारा-पंधरा. इफ्तारीचे तीन खजूर म्हणजे जेमतेम पाच-सहा बेकरेल. आणि तीन खजूर खाणारा तो सत्तर किलोचा माणूस स्वतः? त्याच्या अंगात मुळातच १४० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. म्हणजे सेकंदाला चार हजारांवर अणू त्याच्याच हाडामांसात फुटत असतात. पोटॅशियमशिवाय हृदय धडधडत नाही, स्नायू हलत नाही.

साठण्याचं म्हणाल तर पोटॅशियम साठत नाही. गरजेपुरतं ठेवून बाकीचं मूत्रपिंड लघवीवाटे काढून टाकतं. अख्खा रमजान रोज १०० ग्रॅम खजूर खाल्ला आणि त्यातलं काहीच बाहेर गेलं नाही असं धरलं, तरी महिन्याची मात्रा छातीच्या एका एक्स-रेइतकी होत नाही. माझ्या अम्मीला डॉक्टरांनी खजूर बंद केलाय. पण तो तिचं मूत्रपिंड कमजोर आहे म्हणून. तिथे पोटॅशियम हे पोटॅशियम म्हणूनच घातक, त्यातल्या किरणांचा संबंध नाही. व्हिडिओवाल्याला भीतीच घालायची होती, तर निदान खरी घालायची होती.

एवढं झाल्यावर सरांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. गॅसबत्तीची जुनी जाळी, जिला दुकानात मेंटल म्हणतात. आमच्या पिढीनं ती पाहिलीय. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बाया, उरुसातल्या कव्वालीच्या फडावर भुरभुरणारा पांढरा उजेड. जाळी बांधायची, जाळायची आणि मग तिची पांढरी राख हवेनं फुलवून तिच्यातून प्रकाश पाडायचा. ही राख फुंकू नका असं आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. यंत्र जाळीजवळ नेलं आणि ते पावसासारखं वाजायला लागलं. टकटकटकटक. पोरं दोन हात मागे सरकली.

त्या जाळीत थोरियम असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखनं हा शोध लावला: ९९ टक्के थोरियमचा ऑक्साइड आणि एक टक्का सेरियमचा. असली जाळी असली की उजेड झळाळून पडतो. पण हे थोरियम येतं कुठून? आपल्या देशात केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून. मोनाझाइट नावाचं खनिज त्या वाळूत आहे. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन माणसाला ते तिकडच्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत सापडलं, आणि गॅसबत्त्यांसाठी ती वाळू जहाजं भरून परदेशी जाऊ लागली.

माझं कान टवकारणं सुरू झालं ते इथून पुढे. कारण त्या किनाऱ्यावर माणसं राहतात. कोल्लम जिल्ह्यात करुनागप्पळ्ळी नावाचा तालुका आहे. तिथल्या काही वस्त्यांत जमिनीतून येणारा किरणोत्सार साधारण जागेच्या कित्येक पट आहे. लोक पिढ्यान्पिढ्या तिथेच जगतात, मासे पकडतात, काथ्या वळतात. व्हिडिओवाल्याचं खरं मानायचं तर तिथे घरटी कॅन्सर हवा. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, तर मोजलं. घरोघरी जाऊन, घराच्या आत आणि बाहेर किरणोत्सार मोजला, माणसांची नावं नोंदली आणि वर्षानुवर्षं कॅन्सरच्या नोंदी ठेवल्या. ६९,९५८ माणसं, सरासरी साडेदहा वर्षं. २००९ साली निष्कर्ष छापून आले: जमिनीच्या किरणोत्सारामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

म्हणजे किरणोत्सार निरुपद्रवी, असा याचा अर्थ नाही. मोठ्या मात्रेनं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं, त्यातला कोबाल्ट-६० भंगारवाल्यांनी हातानं फोडला, आणि एक माणूस गेला. भंगाराच्या धंद्यात आपली किती माणसं आहेत ते मी सांगायला नको. 'आहे की नाही' एवढंच विचारून भागत नाही, किती आहे आणि शरीरात शिरतं कुठून, हे विचारावं लागतं.

त्याच करुनागप्पळ्ळीत, त्याच नोंदींमधून आणखी एक निबंध २००८ साली निघाला. त्यात पुरुषांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा हिशेब होता. जमिनीतून किरणं झेलणाऱ्या त्या तालुक्यात फुप्फुसाचा कॅन्सर कशानं वाढलेला आढळला? विडीनं. विडी ओढणाऱ्यांना तो न ओढणाऱ्यांपेक्षा कित्येक पट अधिक.

सरांनी हे सांगितलं तेव्हा आमच्या गाडीचा ड्रायव्हर चार पावलांवर उकिडवा बसून विडीच ओढत होता. रुखसार नावाची मुलगी, फार बोलत नाही एरवी, तिनं विचारलं, 'सर, त्यांच्या विडीला लावून बघू?' ड्रायव्हर हसला आणि त्यानं बंडलातून एक विडी काढून दिली. यंत्र लावलं. तेच. टक. थोडं थांबून टक. खोबऱ्याइतकीच निरागस.

पोरं म्हणाली, म्हणजे विडीत काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, 'बघा, मास्तर.'

सरांचा खरा तास इथे सुरू झाला, असं मला वाटतं. तंबाखूच्या पानावर चिकट केस असतात. हवेतल्या रेडॉनपासून तयार होणारे शिशाचे किरणोत्सारी कण त्या केसांना चिकटतात. फॉस्फेट खतातूनही काही येतात. हे शिसं हळूहळू बदलत पोलोनियम-२१० होतं. २००६ साली लंडनमध्ये लिटविनेंको या रशियन माणसावर विषप्रयोग झाला तो याच पोलोनियमचा. तंबाखूत त्याचं प्रमाण अर्थातच कणमात्र. पण विडी पेटली की टोकाच्या उष्णतेनं ते उडतं, धुरातून आत जातं आणि श्वासनलिकांना जिथे फाटे फुटतात तिथे बसतं. त्यातून निघणारी अल्फा किरणं इतकी दुबळी की साधा कागद त्यांना अडवतो. म्हणून ते खिशातलं यंत्र गप्प राहिलं. बाहेर असताना त्यांच्यापासून काहीच धोका नाही. पण फुप्फुसाच्या आत कागद नसतो. तिथे नाजूक पेशी थेट त्यांच्यासमोर असतात. आणि ज्याला रोज ओढायची सवय, त्याच्या आत रोज थोडी भर पडते. हार्वर्डच्या रॅडफर्ड आणि हंट या दोघांनी १९६४ साली सिगारेटच्या धुरात पोलोनियम असल्याचं छापलं. अमेरिकेतल्या मोठ्या तंबाखू कंपन्यांनाही साठच्या दशकापासून हे माहीत होतं, त्यांनी स्वतः मोजलंही होतं, आणि दाबून ठेवलं. त्यांची आतली कागदपत्रं कोर्टकज्ज्यांमुळे उघडी पडली, तेव्हा जगाला कळलं.

फुप्फुसाच्या कॅन्सरचं सगळं खापर पोलोनियमवर फोडता येणार नाही. धुरात डांबर आणि कॅन्सर करणारी इतर डझनावारी रसायनं असतात. पोलोनियम त्यातलं एक.

माझे अब्बा विडी ओढायचे. दिवसभर रोजा धरायचे, एक थेंब पाणी नाही. मगरिबची अजान झाली की एका हातानं खजूर तोंडात, आणि दुसरा हात तोवर खिशातल्या बंडलाकडे गेलेला. आम्ही भावंडं त्याच दहा बाय दहाच्या खोलीत, त्यांच्या मांडीला मांडी लावून भजी खात असायचो. एकसष्टाव्या वर्षी ते गेले. फुप्फुसाचाच कॅन्सर. आणि मोहल्ल्यात आज चर्चा कशाची, तर खजुराची.

निपाणी कोल्हापूरहून चाळीसेक किलोमीटर. माझं आजोळ. मुमानी अजून विड्या वळते. तंबाखूचं सूप मांडीवर, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं. १९८१ साली शरद जोशींनी तंबाखूच्या भावासाठी जे आंदोलन केलं, ते याच निपाणीत. या पिकावर आमच्या भागातली हजारो घरं चाललीत, त्यात आमची कितीतरी. त्यामुळे 'विडी बंद करा' असं इथे बसून लिहायला माझी जीभ सहजासहजी उचलत नाही. मुमानीला दुसरं काम कोण देणार? पण घरात, पोरांच्या अंगावर धूर सोडू नका, एवढं सांगायला कुणाच्या रोजीरोटीवर पाय पडत नाही. आणि एवढंसुद्धा आमच्या जुम्म्याच्या बयानात मी ऐकलेलं नाही. दारूवर तासभर बोलतात. विडीवर नाही, कारण बोलणाऱ्यांपैकीही काहींच्या खिशात बंडल असतं.

दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. 'काही होत नाही, खुशाल खा' असं वरून कुणी सांगितलं आणि आपण मान हलवली, हेही मला पटत नाही. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. नंतर युरोपच्या मदतीतून आयर्लंडचं सुमारे २०० टन लोणी मुंबईत आलं. ते किरणोत्सारानं दूषित आहे अशी शंका होती. तेव्हा डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर काही मुंबईकर कोर्टात गेले. हायकोर्टात याचिका फेटाळली गेली, ते सुप्रीम कोर्टात गेले. तिथे तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिनं सांगितलं की ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतलं लोणी खायला सुरक्षित आहे, आणि १९८८ साली प्रकरण संपलं. वागळे हरले, असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्यांनी आकडा मागितला आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तो तपासला गेला. आमच्या ग्रुपवरचे शंभर मेसेज आणि ती एक याचिका, यात फरक आहे तो एवढाच. (जैतापूरचं का नाही लिहीत, असं कुणी विचारेल. तो वाद जमिनीचा आणि मच्छीमारांच्या पोटाचाही आहे. त्याला वेगळा लेख लागेल.)

आज मोजायला हवं ते लोण्यापेक्षा घराच्या भिंतीत आहे. कोळसा जळाला की त्यातलं युरेनियम-थोरियम राखेत एकवटतं. त्या राखेच्या विटा आता गावोगाव वापरल्या जातात. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. राख कुठेतरी जिरवायलाच हवी आणि विटा मजबूतही असतात. पण जगभर बांधकामाच्या मालासाठी एक हिशेब रूढ आहे. रेडियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही मोजायचे आणि त्यांच्या जोरानुसार बेरीज करायची. किलोमागे ३७० बेकरेलच्या आत बेरीज राहिली, तर माल घर बांधायला चालतो. मोजण्याची रीत ऐकून मला लोणच्याची आठवण झाली. वीट दळून, चाळून, डब्यात भरतात, झाकण हवाबंद करतात आणि चार आठवडे मुरू देतात, म्हणजे आतला रेडॉन बाहेर पळत नाही आणि हिशेब स्थिरावतो. मग शिशाच्या जाड पेटीत ठेवून तासन्तास मोजतात. हे करणारे संशोधक आपल्या देशात आहेत, त्यांचे निबंधही निघतात. पण ते इंग्रजीत, आणि वाचतात ते दुसरे संशोधकच. सिमेंटच्या पोत्यावर वजन आणि तारीख असते. विटेच्या पावतीवर हा एक आकडा छापायला काय हरकत आहे? त्याचं मराठीत एक ओळ स्पष्टीकरण? कुणी गवंडी विचारत नाही म्हणून कुणी छापत नाही, आणि छापत नाही म्हणून विचारायचं असतं हेच कुणाला कळत नाही.

शाळेचंही तेच. मी उर्दूत 'मीज़ान' हा शब्द शिकवतो. तराजू. पोरं वाक्यात उपयोग करतात, दहा पैकी दहा मिळवतात. त्या दिवशी जोतिबाच्या कट्ट्यावर पहिल्यांदा मला वाटलं की हा शब्द मी फक्त अर्धाच शिकवत होतो.

परतताना ड्रायव्हरनं विडी गाडीबाहेर उभं राहून संपवली आणि मग आत बसला. रुखसारनं ते पाहिलं. काही बोलली नाही.

रात्री मी ग्रुपवर लिहिलं. तीन खजुरांचं गणित, माणसाच्या अंगातले चार हजार बेकरेल, करुनागप्पळ्ळी आणि तिथली विडी, सगळं. भाषा जमेल तेवढी सोपी ठेवली. चौघांनी अंगठा दाखवला. गल्लीतले एक चाचा, रोज दोन बंडलं ओढणारे, त्यांनी विचारलं, 'मास्तर, मतलब खजूर खाऊ ना?' मी लिहिलं, 'खा चाचा, बिनधास्त खा. विडीचं तेवढं बघा, निदान नातू घरात असताना.'

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.